वॉर्ड नंबर चारच्या शेजारच्या खोलीत कोण होतं?

परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका सांगत, अरुणाला मासे आवडतात. भरवताना घासात मासळी किंवा चिकनचं सूप असलं की ती हसते. हे हसू पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एका बाईला जगू द्यावं की जाऊ द्यावं, हा प्रश्न फिरून फिरून या हसण्यापाशीच येत राहिला. हसणारी आत कुणी होती, की हसू नुसतंच चेहऱ्यावर उमटत होतं?

अरुणा शानभाग प्रकरण आपल्याकडे ‘इच्छामरणाचं प्रकरण’ म्हणून ओळखलं जातं. मला हे नाव कधी पटलं नाही. या प्रकरणात याचिका करणारीची इच्छा कळली, परिचारिकांची कळली, डीनची कळली, सरकारची कळली. जिच्या मरणाबद्दल सगळं चाललं होतं तिची तेवढी कळली नाही. निकालपत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी त्यात कायदा शोधत होतो. दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं, की कायदा हा त्यातला सोपा भाग आहे. अवघड भाग जाणिवेचा आहे. दुःख होण्यासाठी दुःख जाणणारं कुणीतरी लागतं, आणि ते कुणी आहे की नाही हे बाहेरून ठरवायचं कसं, याला न्यायालयाकडे उत्तर नव्हतं, डॉक्टरांकडे अर्धं होतं, आणि परिचारिकांकडे होतं ते उत्तर सिद्ध करता येण्यासारखं नव्हतं.

ती रात्र आणि नंतरची वर्षं

अरुणा रामचंद्र शानभाग मूळची कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरची. जन्म १९४८चा. मुंबईत येऊन केईएममध्ये परिचारिका झाली. त्याच रुग्णालयातल्या एका डॉक्टरशी तिचं लग्न ठरलं होतं. २७ नोव्हेंबर १९७३च्या संध्याकाळी ड्यूटी संपवून ती तळघरात कपडे बदलायला गेली. तिथे रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याची साखळी तिच्या गळ्याभोवती आवळली आणि तिच्यावर अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली. आरोपीला खुनाचा प्रयत्न आणि लूट यांसाठी सात वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप लावलाच गेला नाही. या अन्यायावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते योग्यच आहे. इथे मात्र मला साखळीने पुढे काय केलं तेवढंच बघायचं आहे.

गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. चार-पाच मिनिटं तो मिळाला नाही तरी मेंदूच्या पेशी मरायला लागतात, पण सगळ्या एकाच वेगाने नाही. विचार, ओळख, भाषा, दृष्टीचा अर्थ लावणं ही कामं करणारं मेंदूचं वरचं आवरण फार नाजूक असतं. श्वास, हृदयाची लय, झोप आणि जाग सांभाळणारा खालचा मेंदूस्तंभ त्या मानाने चिवट. अरुणाचा मेंदूस्तंभ वाचला. ती स्वतःच्या श्वासावर जगत होती. झोपायची, उठायची, डोळे उघडायची. डोळे शाबूत असून तिला दिसत नव्हतं, कारण दिसण्याचा अर्थ लावणारा मेंदूचा भाग निकामी झाला होता.

अशा अवस्थेला इंग्रजी वैद्यकात नाव मिळालं ते १९७२ साली, म्हणजे हल्ल्याच्या आदल्याच वर्षी. ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम या दोन डॉक्टरांनी सुचवलेल्या त्या नावाचा शब्दशः अर्थ ‘वनस्पतीसारखी स्थिती’. जाग आहे पण जाणीव नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. हा शब्द मला खुपतो. वनस्पती म्हटलं की ऐकणाऱ्याचा निकाल निम्मा लागलेला असतो.

वॉर्ड नंबर चारला लागून असलेली एक छोटी खोली तिची झाली. नातेवाईक हळूहळू दुरावले. ठरलेलं लग्न मोडलं. राहिल्या त्या परिचारिका. तिला दुसरीकडे हलवण्याचे महापालिकेचे प्रयत्न त्यांनी संप करून हाणून पाडले. नर्सिंगला येणाऱ्या प्रत्येक नव्या तुकडीला अरुणाच्या खाटेपाशी नेलं जायचं आणि सांगितलं जायचं, की ही आपल्यातलीच एक आहे.

यातल्या एका गोष्टीपाशी मला जरा थांबायचं आहे. इतक्या वर्षांत अरुणाला एकही बेडसोअर झाला नाही, असं रुग्णालयाने न्यायालयाला सांगितलं. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस ज्याने सांभाळलं आहे त्यालाच या वाक्याचं वजन कळेल. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. ओलं झालं की लगेच पुसून कोरडं करायचं. पाठ, टाचा, माकडहाड रोज बघायचं. लालसर डाग दिसला की त्या बाजूला तिला झोपवायचं नाही. एका महापालिकेच्या, रुग्णांनी ओसंडून वाहणाऱ्या रुग्णालयात हे हजारो दिवस चाललं. करणाऱ्या बदलत गेल्या. शेवटीशेवटी तिची कूस बदलणाऱ्या मुली १९७३ साली जन्मल्याही नव्हत्या. त्यांना अरुणाचा आवाज ठाऊक नव्हता, तिचं चालणं ठाऊक नव्हतं. ज्या अरुणाला त्या सांभाळत होत्या ती त्यांच्यासाठी पहिल्यापासून अशीच होती.

याचिका

अरुणावर पुस्तक लिहिलेल्या पत्रकार पिंकी विराणी यांनी २००९ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. मागणी साधी होती: अरुणाला भरवणं थांबवावं आणि तिला शांतपणे जाऊ द्यावं. याचिकेत तिच्या अवस्थेचं वर्णन होतं. हाडं ठिसूळ झालेली, मनगटं आत वळलेली, दात किडलेले. ती जवळजवळ मृतच आहे, तिला कसलीही जाणीव नाही, ती पाहत नाही, ऐकत नाही, काही सांगू शकत नाही.

रुग्णालयाचं प्रतिज्ञापत्र नेमकं उलटं बोलत होतं. ती नेहमीसारखं अन्न घेते. चेहऱ्याने प्रतिसाद देते. अधूनमधून सांगितलेल्या गोष्टीला आवाज करून उत्तर देते. लघवी किंवा शौचाची वेळ झाली की वेगळा आवाज काढते आणि परिचारिकांना तो ओळखू येतो.

आता ही दोन वर्णनं शेजारी ठेवून पाहा. दोघांच्याही युक्तिवादात एक भेग आहे, आणि ती एकाच जागी आहे.

विराणी म्हणतात, तिला जाणीव नाही. मान्य केलं, तर तिला यातनाही नाहीत. वाकलेलं मनगट तिला दुखत नाही, कारण दुखायला ‘ती’ नाही. मग सुटका कुणाची करायची? दयेचा आधारच निघून जातो. मरण हा तिच्यावर उपकार ठरत नाही, तसा तो तिच्यावर अन्यायही ठरत नाही.

रुग्णालय म्हणतं, ती आहे, तिला माशाची चव कळते. मान्य केलं, तर ज्या आतल्या कुणाला मासे आवडतात त्या आतल्या कुणाला एका खोलीतली सदतीस वर्षंही कळली असणार. वळलेली मनगटं कळली असणार. तो तळघरातला शेवटचा प्रसंग आठवत असेल तर? हसू खरं मानायचं आणि बाकी सगळं नाही असं म्हणायचं, ही सोय झाली.

थोडक्यात, जाणीव नसेल तर मारण्याला कारण उरत नाही, आणि जाणीव असेल तर जगवण्याबद्दल खात्री उरत नाही. दोन्ही बाजू भल्या होत्या. विराणींनी तिला विसरू दिलं नाही आणि परिचारिकांनी तिला सडू दिलं नाही. पण प्रत्येकीने जाणिवेबद्दल जे धरलं होतं ते तिच्या निष्कर्षाला पूर्णपणे पेलवत नव्हतं.

‘वेदना’ हा आपला शब्द यासाठीच मला नेमका वाटतो. त्याचं मूळ ‘विद्’ म्हणजे जाणणे, ‘वेद’चं आहे तेच. जाणणाऱ्याशिवाय वेदना ही कल्पनाच आपल्या भाषेत बसत नाही. टाचणी टोचल्यावर पाय मागे ओढला जाणं ही वेदना नव्हे, ती मज्जारज्जूची हालचाल. रोजच्या बोलण्यातही आपण किती थर वेगळे ठेवतो. माणूस शुद्धीवर आहे पण भानावर नाही, असं सहज म्हणतो. तापात बडबडणाऱ्याला शुद्ध असते, भान नसतं. न्यायालयासमोरचा सगळा घोळ शुद्ध आणि भान यांमधल्या या फटीत होता.

तीन डॉक्टर, एक खाट

दोन वर्णनांत इतका फरक पाहून न्यायालयाने २४ जानेवारी २०११ला तीन डॉक्टरांची समिती नेमली: टाटा मेमोरिअलचे डॉ. जे. व्ही. दिवटिया, हिंदुजाचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. रूप गुरसहानी आणि सायन रुग्णालयाचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. नीलेश शाह. त्यांनी खोलीत जाऊन तिला तपासलं, परिचारिकांशी बोलले, कागदपत्रं पाहिली.

त्यांचा निष्कर्ष असा: अरुणा मेंदूमृत नाही. ती कोमातही नाही. पण कायमच्या ‘वनस्पतीवत्’ स्थितीचे बहुतेक निकष तिला लागू होतात. खोलीत माणसं वाढली की ती आवाज करायची आणि कमी झाली की शांत व्हायची. भक्तिसंगीत, मासे, सूप यांबद्दल परिचारिकांनी सांगितलेलंही त्यांनी नोंदवलं.

‘बहुतेक निकष’ हा शब्दप्रयोग प्रामाणिक आहे. जाणीव मोजायची पट्टी आपल्याकडे नाही. आपण मोजतो तो प्रतिसाद. डोळा वस्तूमागे फिरतो का, हाक मारल्यावर मान वळते का, ‘हात दाबा’ म्हटल्यावर हात दाबला जातो का. माणूस आत असेल आणि त्याचं शरीर काहीच ऐकत नसेल, तर पट्टीवर शून्य येतं. उलट शरीर स्वतःहून हसत असेल आणि आत कुणीच नसेल, तर पट्टी फसवते.

दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत. अमेरिकेत अशाच स्थितीतल्या टेरी शायव्हो या बाईची आहाराची नळी काढावी की नाही यावर तिचा नवरा आणि आईवडील वर्षानुवर्षं भांडले. आईवडिलांना तिचं हसणं दिसायचं, नजर फुग्यामागे फिरताना दिसायची. ३१ मार्च २००५ला ती गेली. शवविच्छेदनात तिच्या मेंदूचं वजन ६१५ ग्रॅम भरलं, अपेक्षित वजनाच्या जवळपास निम्मं. तिला दिसणंच शक्य नव्हतं. फुगा पाहणारी नजर पाहणाऱ्यांच्या मायेची होती.

पुढच्याच वर्षी, २००६ साली, केंब्रिजमध्ये एड्रियन ओवेन यांच्या गटाने अपघातानंतर पाच महिने अशाच स्थितीत असलेल्या तेवीस वर्षांच्या तरुणीला एमआरआयमध्ये ठेवलं आणि सांगितलं, टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर. मग सांगितलं, तुझ्या घरातल्या खोल्यांतून फिरते आहेस अशी कल्पना कर. बोटसुद्धा न हलवणाऱ्या त्या मुलीच्या मेंदूत दोन्ही वेळा नेमके तेच भाग उजळले जे तुमच्याआमच्या मेंदूत उजळतात. ती ऐकत होती. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात खाटेपाशी दिलेल्या सूचनांना दिसेल असा प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांत, म्हणजे चौघांत एकात, अशी लपलेली जाणीव सापडली.

अरुणाच्या बाबतीत हे जसंच्या तसं लावता येणार नाही. डोक्याला मार लागून झालेल्या इजेपेक्षा प्राणवायू तुटून झालेली इजा मेंदूभर पसरते आणि तिच्यात आशा कमी असते. पण शायव्होचं शवविच्छेदन आणि ती टेनिस खेळणारी मुलगी, हे दोन्ही डोळ्यांसमोर ठेवून ‘बहुतेक निकष’ हे शब्द पुन्हा वाचले की ते हलके वाटत नाहीत.

परिचारिकांच्या बाजूने एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: बाळाचं रडणं भुकेचं की झोपेचं हे आईला कळतं, तसं यांना कळायचं. त्यात तथ्य आहे. रोज जवळ असणाऱ्याला बारीक फरक दिसतात, जे वीस मिनिटं तपासणाऱ्या तज्ज्ञाला दिसत नाहीत. पण आईच्या आणि त्यांच्या वाचनात एक फरक राहतो. बाळ मोठं होतं आणि बोलायला लागतं. आईचं काही चुकलं असेल तर दोन वर्षांनी तेच तिला सांगतं, ‘ते नको, हे हवं’. अरुणाने परिचारिकांचं वाचन कधी दुरुस्त केलं नाही. चार दशकं त्यांनी लावलेला अर्थ खोडून काढणारं कुणीच नव्हतं, म्हणून तो पक्का होत गेला. तो खोटा होता असं मला म्हणायचं नाही. तो तपासला जाऊ शकला नाही एवढंच.

निकाल

७ मार्च २०११ला न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. काटजूंनी सुरुवात गालिबच्या शेराने केली, मरणाच्या आसेने मरणाऱ्याच्या. सुंदर शेर आहे, पण इथे मला तो चुकीच्या जागी वाटला. गालिबला आस होती. तो बोलू शकत होता.

निकालाने दोन गोष्टी केल्या. देशापुरतं सांगायचं तर, उपचार काढून घेऊन मरण येऊ देण्याला, म्हणजे निष्क्रिय दयामरणाला, उच्च न्यायालयाच्या परवानगीने पहिल्यांदा दार उघडलं. अरुणापुरतं सांगायचं तर, याचिका फेटाळली. कारण असं, की विराणींची कळकळ खरी असली तरी अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांचा नाही. तो केईएमच्या डॉक्टर-परिचारिकांचा आहे, कारण रात्रंदिवस तिला त्यांनी सांभाळलं, आणि त्यांना ती जगायला हवी आहे. पुढे कधी त्यांचं मत बदललं तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करावा, असंही न्यायालयाने म्हटलं. केईएममध्ये त्या दिवशी मिठाई वाटली गेली.

न्यायालयाने काय केलं ते नीट बघा. ‘तिथे कोण आहे?’ या प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं, म्हणून त्याने प्रश्न बदलला: ‘तिच्या वतीने कोण बोलणार?’ आणि उत्तर दिलं: जिचे हात तिला लागले ती. रक्ताचं नातं नाही, लिहिणारीचं नातं नाही, हातांचं नातं. भारतीय कायद्यात असं नातं इतक्या स्पष्टपणे मानलं गेल्याची उदाहरणं थोडी. मला निकालाचा हा भाग पटतो. कारण समजा चूक होणारच असेल, तर ती दुरून पाहणाऱ्याच्या तर्कापेक्षा जवळून सांभाळणाऱ्याच्या मायेने झालेली बरी. मायेने केलेली चूक निदान पाठ कोरडी ठेवते.

पण एक पात्र यात सुटलं. २५ वर्षांची, लग्न ठरलेली, स्वतः परिचारिका असलेली अरुणा. तिने वॉर्डात असे रुग्ण पाहिले असतील. तिला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती? कुणी विचारलं नव्हतं, तिने लिहून ठेवलं नव्हतं. आणि लिहून ठेवलं असतं तरी प्रश्न संपला नसता: त्या वेळच्या तरुणीने आजच्या, मासे आवडणाऱ्या बाईबद्दल निर्णय घ्यायचा का? ज्या व्यक्तीचं भविष्य ठरवायचं आहे ती आणि ठरवणारी, या दोघी एकच आहेत हे मानायला नेमकी आठवणींची जी साखळी लागते ती इथे तुटलेली होती.

आपल्याकडे मरणाचा स्वेच्छेने स्वीकार नवा नाही. १९६६ साली सावरकरांनी अन्न सोडलं, नोव्हेंबर १९८२मध्ये पवनारला विनोबांनी अन्न-औषध नाकारलं. दोघांनीही आपलं म्हणणं स्पष्ट सांगितलं होतं. कुणाला त्यांचं वागणं पटो वा न पटो, तिथे अर्थ लावायचा नव्हता, फक्त मान राखायचा होता. अरुणाच्या प्रकरणात ही परंपरा काहीच कामाची नाही, आणि तिचे दाखले देणारे लेख मला त्यामुळे पोकळ वाटले.

असं जगणं असावं का?

निकालानंतर लोकलमध्ये, चहाच्या टपरीवर एकच वाक्य ऐकू यायचं: ‘असं जगण्यापेक्षा जन्मच नको.’ रागाने, कळवळ्याने, काहीशा भीतीनेही बोललेलं. या वाक्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत आणि ते सोडवून ठेवावे लागतात. जगणं सुरू करण्याजोगं आहे का, हा एक. सुरू झालेलं जगणं चालू ठेवण्याजोगं आहे का, हा दुसरा. पहिल्यात नुकसान सोसणारं अजून कुणी नसतं. जन्मलाच नाही त्याचं काही हुकत नाही. दुसऱ्यात कुणीतरी आहे, किंवा होतं, आणि त्याच्याभोवती माणसं गोळा झालेली आहेत. म्हणून एकाच प्रकारच्या आयुष्याबद्दल कुणी ‘हे मी कुणासाठी निवडणार नाही’ म्हणू शकतो आणि त्याच श्वासात ‘पण मी ते तोडणार नाही’ही म्हणू शकतो. त्यात विसंगती नाही.

अरुणाने या दोन्हींपलीकडचा तिसरा प्रश्न समोर ठेवला. १९७३ नंतरचं तिचं जगणं तिने सुरू केलं नव्हतं आणि ती ते चालूही ठेवत नव्हती. श्वास तिचा होता, पण बाकी सगळं दुसऱ्यांच्या हातांनी चालत होतं. एका अर्थाने ते जगणं खोलीत आलेल्या सगळ्यांनी मिळून जगलेलं होतं. अशा जगण्याचं मूल्य त्या एका देहात शोधायचं, की त्या हातांतही धरायचं? देहात शोधलं तर परिचारिकांची चार दशकं एका रिकाम्या घराची झाडलोट ठरतात. हातांत धरलं तर भीती वेगळी आहे: सांभाळणाऱ्यांच्या समाधानासाठी कुणाला तरी जगवत राहणं.

ही भीती मला निराधार वाटत नाही. समितीच्या अहवालात एक तपशील आहे, जो चर्चेत मागे पडला. सप्टेंबर २०१०पर्यंत अरुणा तोंडाने अन्न घेत होती. त्या महिन्यात तिला ताप आला, बहुधा मलेरियाचा, आणि खाणं कमी झालं. मग नाकातून राइल्स ट्यूब घातली गेली. तेव्हापासून मुख्य आहार नळीतून, तोंडाने क्वचित थोडं पातळ. म्हणजे निकाल लागला त्या वेळी ते माशाचं हसू बऱ्याच अंशी भूतकाळात गेलं होतं. ज्या खुणेवर ‘ती आहे’ हा दावा उभा होता, ती खूणच पुसट होत चालली होती. भरवणं हे दोघांमधलं काम आहे, कुणीतरी घास देतो आणि कुणीतरी तो घेतो. नळीला घेणारा लागत नाही. मला वाटतं प्रश्न नव्याने विचारायची वेळ तेव्हा आली होती, आणि तो विचारायचा अधिकार ज्यांना न्यायालयाने दिला त्यांनीच तो विचारायला हवा होता. मुंबई उच्च न्यायालयाचं दार चार वर्षं उघडं राहिलं. तिकडे कुणी गेलं नाही.

मे २०१५मध्ये तिला न्यूमोनिया झाला. तिला अतिदक्षता विभागात हलवलं आणि व्हेंटिलेटर लावला. बेचाळीस वर्षं तिने स्वतःच्या श्वासावर काढली होती, शेवटचे दिवस मशीनच्या श्वासावर गेले. परिचारिकांच्या सगळ्या निर्णयांमागे मी उभा राहू शकतो, या एका ठिकाणी माझे पाय अडखळतात. त्यांना तिथे थांबता आलं नाही. इतक्या वर्षांच्या सवयीनंतर कुणाला आलं असतं, हे मला ठाऊक नाही.

२०१८च्या ९ मार्चला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवण्याची, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्राची, सोय केली. २०११च्या निकालातली काही गृहीतकं चुकीची होती असंही म्हटलं. जानेवारी २०२३मध्ये ती प्रक्रिया सोपी केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे असं पत्र करता येतं. ज्यांच्याजवळ असं पत्र असेल त्यांच्यापुरता ‘कोण बोलणार’ हा प्रश्न बराच सुटला.

१८ मे २०१५ला सकाळी अरुणा गेली. सदुसष्ट पूर्ण व्हायला दोन आठवडे कमी होते. अंत्यसंस्कारांच्या वेळी नातेवाईक आले, आणि इतकी वर्षं कुठे होता असं परिचारिकांनी त्यांना विचारलं. थोडी कुरबुर झाली. शेवटी भोईवाड्याच्या स्मशानात तिचा भाचा आणि केईएमचे डीन, दोघांनी मिळून अग्नी दिला.